इंग्रजी संशोधनलेखाचें शिक्षण : सांचा आणि संशय

इतिहासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस इंग्रजींत संशोधनलेख लिहिण्यास शिकविण्यासाठीं अलीकडे ठिकठिकाणीं वर्ग भरविले जातात. या वर्गांचा हेतु चांगला आहे व त्यांची गरजहि खरी आहे. तथापि तेथें जें शिकविलें जातें तें लेखन कीं लेखनाचा वेष, याचा विचार इतिहास-संशोधनाला वाहिलेल्या त्रैमासिकानें करावयास हवा. कारण या वर्गांतून तयार झालेला लेख अखेर अशाच नियतकालिकांच्या संपादकांच्या हातीं येतो, आणि त्यांतील दोषांचें खापर विद्यार्थ्याच्या इंग्रजीवर फोडून सर्वजण मोकळे होतात. प्रस्तुत लेखकाचें म्हणणें असें कीं, या दोषांत इंग्रजीचा वाटा थोडा आणि विचारपद्धतीचा फार आहे. आणि ती विचारपद्धति शिकविण्याचीं साधनें आपल्या घरींच पडून आहेत.

प्रथम या वर्गांची गर्दी कां वाढली तें पाहूं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या व पुढें २०१६ च्या नियमांनीं अशी अट घातली कीं, पीएच्. डी. चा प्रबंध सादर करण्यापूर्वीं उमेदवाराचा निदान एक लेख तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालेला असावा. उद्देश प्रशस्त होता. परिणाम विपरीत झाला. पैसे घेऊन वाटेल तें छापणारीं नियतकालिकें कुत्र्याच्या छत्र्यांप्रमाणें उगवलीं. २०१८ मध्यें आयोगानें आपल्याच मान्य यादींतून चार हजारांहून अधिक नियतकालिकें काढून टाकलीं, आणि २०२२ च्या नियमांत ती सक्तीची अटच उरली नाहीं. अट गेली, पण तिनें लावलेली संवय गेली नाहीं. लेख म्हणजे कांहीं सिद्ध करण्याचें साधन नव्हे, तर नांवापुढें नोंद करण्याची वस्तु आहे, ही समजूत विद्यार्थ्यांत अजून आहे. आणि लेखनवर्ग त्या समजुतीस नकळत हातभार लावतात.

याचें एक उदाहरण देतों. माझा एक जुना विद्यार्थी सध्यां इतिहासाच्या उच्च अभ्यासांत आहे. पनवेलच्या खाडीकांठच्या एका घराण्यानें आपल्या दप्तरांतील मोडी कागद त्यास विश्वासानें दाखविले. त्यांवर त्यानें इंग्रजींत एक लेख लिहिला, आणि तो तपासण्यासाठीं नेरे येथें माझ्याकडे आणला. लेखनवर्गांत त्या लेखाची वाखाणणी झाली होती. इंग्रजी खरोखरच स्वच्छ होतें. परंतु मूळ कागद शेजारीं ठेवून वाचूं लागतांच तीन गोष्टी अडल्या.

पहिली गोष्ट शब्दाची. कागदांत 'शिलोत्री' हा शब्द वारंवार आला होता. खाऱ्या खाजणास बांध घालून ती जमीन पिकाऊ करणें, तो बाहेरचा बांध राखणें, आणि त्याबद्दल कसणाऱ्या कुळांकडून भात घेणें, असा हा कुलाबा-ठाण्याकडील खारेपाटांतील हक्क होय. विद्यार्थ्यानें त्याचें भाषांतर जमीनदार या अर्थाच्या इंग्रजी शब्दानें केलें, आणि त्यावरून जमीनदार कुळांकडून जादा भात उकळीत असत असा निष्कर्ष काढला. वस्तुतः कागदांतील तंटा निराळाच होता. ज्या वर्षीं बांध फुटला व शिलोत्रीदारानें तो बांधला नाहीं, त्या वर्षींचें भात देणें लागू आहे कीं नाहीं, एवढाच त्यांतील प्रश्न होता. म्हणजे ज्या शब्दावर सारा तंटा उभा होता तोच शब्द भाषांतरांत नाहींसा झाला, आणि त्याबरोबर लेखाचा विषयहि गेला.

दुसरी गोष्ट आधाराची. 'या भागाविषयीं जुन्या गॅझेटियरांत माहिती मिळत नाहीं' असें विधान लेखाच्या आरंभींच होतें. विद्यार्थ्यानें कुलाबा जिल्ह्याचा १८८३ चा ग्रंथ पाहिला होता. पनवेल तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यांत होता. त्यामुळें त्याची माहिती १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या ग्रंथांत आहे. १९८१ पासून कुलाब्याचें नांव रायगड झाल्यानें हा घोटाळा आणखी वाढतो. शोध न करतां 'उणीव' दाखविणें सोपें असतें. आणि लेखनवर्गांत उणीव दाखविलीच पाहिजे असें शिकविलें असल्यानें ती दाखविली गेली.

तिसरी गोष्ट तारखेची. माघ महिन्यांतील एका कागदाचा शक त्यानें ७८ मिळवून इसवी सनांत आणला होता. शक चैत्रांत बदलतो. म्हणून जानेवारीनंतरच्या पौष, माघ, फाल्गुन या तिथींस ७९ मिळवावे लागतात. हा नियम विसरल्यास काय होतें तें सर्वांस ठाऊक असलेल्या उदाहरणानें सांगतां येईल. पानिपतचा संग्राम शके १६८२ च्या पौष शुद्ध अष्टमीस झाला. ७८ मिळविणारा तो १७६१ ऐवजीं १७६० सालीं लढवील! सतराव्या शतकांत तर आणखी एक अडचण आहे. गोव्याचे पोर्तुगीज १५८२ च्या सुधारलेल्या पंचांगानें तारखा घालीत, आणि मुंबई-सुरतेचे इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या पंचांगानें. एकाच दिवसाच्या दोन कागदांत त्या काळीं दहा दिवसांचें अंतर दिसतें. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, ही तिथि आपण १९ फेब्रुवारी १६३० अशी देतों ती जुन्या पंचांगाची. नव्या पंचांगानें तो दिवस १ मार्च येतो. इंग्रजी लेखाच्या परदेशीय वाचकास हें सांगावेंच लागतें, कारण त्यास तें आपोआप समजण्याचा संभव नाहीं.

या तिन्ही दोषांत व्याकरणाचा दोष एकहि नाहीं. मग लेखनवर्गांत शिकविलें काय जातें? बहुतेक ठिकाणीं दोन गोष्टी : वाक्यांच्या ठराविक याद्या, आणि प्रस्तावनेचा एक ठराविक आराखडा. हा आराखडा जॉन स्वेल्स या इंग्रज भाषाशास्त्रज्ञाच्या १९९० च्या ग्रंथावरून आलेला आहे. प्रसिद्ध झालेल्या अनेक शास्त्रीय लेखांच्या प्रस्तावना तपासून त्यांनीं असें दाखविलें कीं, लेखक प्रथम आपलें क्षेत्र सांगतो, नंतर त्यांत कोठें जागा रिकामी आहे तें दाखवितो, आणि शेवटीं ती जागा आपण भरीत आहों असें म्हणतो. निरीक्षण मार्मिक आहे, आणि तें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु स्वेल्स यांनीं झालेल्या लेखनाचें वर्णन केलें. शिकविणारांनीं त्या वर्णनाचा सांचा बनविला. वर्णन आणि विधि यांतील भेद मीमांसेच्या पहिल्या धड्यांत शिकवितात. तो येथें विसरला गेला.

आतां याशेजारीं मीमांसकांचें अधिकरण ठेवूं. अधिकरणाचीं अंगें पांच : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, आणि पांचवें अंग कोणी संगति तर कोणी निर्णय मानतात. स्वेल्स यांच्या तीन पायऱ्यांशीं याचें साम्य उघड आहे. पण एक महत्त्वाचा भेदहि आहे. त्या आराखड्यांत रिकामी जागा पुरते. अधिकरणांत ती पुरत नाहीं, तेथें संशय लागतो. 'अमुक गांवाच्या कागदांवर आजवर कोणीं लिहिलें नाहीं' ही रिकामी जागा झाली. कोंकणांत अशीं शेंकडों गांवें आहेत. तेवढ्यानें लिहिण्याचें कारण उत्पन्न होत नाहीं. 'शिलोत्रीचें भात हा जमिनीवरचा हक्क कीं बांध राखण्याचा मोबदला?' हा संशय झाला. कारण त्यास दोन उत्तरें संभवतात, दोहोंस आधार मिळूं शकतो, आणि निर्णय कोणत्या बाजूस झाला यावरून इतर कागदांचा अर्थ बदलतो. आणि पूर्वपक्ष मांडावयाचा तो दुबळा करून नव्हे, तर प्रतिपक्षी स्वतः मांडील त्याहूनहि बळकट करून. हल्लींच्या इंग्रजी लेखांत पूर्वसूरींच्या नांवांची माळ असते, पूर्वपक्ष नसतो. आठ नांवें एका कंसांत घातलीं म्हणजे त्यांपैकीं एकाचेंहि म्हणणें सांगावें लागत नाहीं, ही त्या माळेची सोय आहे.

अर्थशास्त्राच्या शेवटच्या, पंधराव्या अधिकरणांत कौटिल्यानें ग्रंथरचनेच्या बत्तीस तंत्रयुक्ति सांगितल्या आहेत. त्यांत संशय, पूर्वपक्ष व उत्तरपक्ष आहेतच. शिवाय अपदेश, म्हणजे दुसऱ्याचें मत त्याच्या नांवानें सांगणें, आणि स्वसंज्ञा, म्हणजे इतरत्र न चालणारी त्या शास्त्राची खास संज्ञा, यांचाहि समावेश आहे. शिलोत्री, वतन, तर्फ, कसबा, मौजे या आपल्या कागदांच्या संज्ञा होत. त्या इंग्रजी लेखांतहि तशाच ठेवाव्या, पहिल्या उल्लेखाच्या वेळीं एका वाक्यांत त्यांचा अर्थ सांगावा, आणि पुढें तो शब्द बदलूं नये. एकच शब्द पुनःपुन्हां आल्यानें भाषा रुक्ष होते ही भीति निबंधलेखनांतून येते. शास्त्रलेखनांत शब्द बदलला कीं वाचक अर्थहि बदलला असें समजतो.

हें सर्व आमच्याकडे पूर्वींच होतें, असा पोकळ अभिमान मिरविण्याचा हेतु नाहीं. मीमांसकांस वाक्याचा अर्थ ठरवावयाचा होता. घडलेल्या गोष्टीचा साक्षीपुरावा तपासावयाचा नव्हता. कागद खरा कीं बनावट, लिहिणारा घटनेच्या किती जवळ होता, त्याचा स्वार्थ कोणता, हे प्रश्न अधिकरणांत उद्भवत नाहींत. त्यासाठीं पाश्चात्य चिकित्सापद्धतीकडेच जावें लागतें, आणि तसे आपले वडील गेलेहि. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं १८८८ मध्यें मुंबईस चिकित्सक, तौलनिक व ऐतिहासिक पद्धतीवर जें इंग्रजी व्याख्यान दिलें, त्यांत संस्कृताचा पंडित ही पद्धति किती सहजपणें आपलीशी करूं शकतो तें दिसतें. दोन्हीं पद्धतींची गांठ घालणें हेंच शिक्षण.

या गांठीचें उत्तम उदाहरण पुण्यांतच आहे, आणि लेखनवर्गांत तें कोणी वाचून दाखवीत नाहीं. परशुराम कृष्ण गोडे हे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक (क्यूरेटर). त्यांनीं इंग्रजींत शेंकडों लहानमोठे लेख लिहिले. भारतांतील दारूकामाच्या इतिहासावरील त्यांचा १९५३ चा लेख घ्या. त्याच्या नांवांतच इ. स. १४०० ते १९०० अशी मर्यादा घातलेली आहे. म्हणजे लेखक काय सांगणार नाहीं हें वाचकास पहिल्या ओळींतच कळतें. आंत प्रतापरुद्रदेवाच्या कौतुकचिंतामणीपासून एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरापर्यंत निरनिराळ्या भाषांतील व निरनिराळ्या जातींच्या साधनांचा आधार आहे. इंग्रजी अगदीं साधें, कित्येकदां कोरडें. पण कोणतें विधान कोणत्या आधारावर उभें आहे, याविषयीं वाचकास क्षणभरहि शंका राहत नाहीं. असा एक लेख घेऊन आपण श्लोकाचा अन्वय लावतों तसा त्याचा अन्वय लावून दाखविला, तर विद्यार्थ्यास जें कळेल तें वाक्यांच्या दहा याद्यांनीं कळणार नाहीं. वामन शिवराम आपटे यांच्या १८८१ च्या संस्कृतरचनेवरील पुस्तकाचें यश यांतच होतें. त्यांनीं घोकण्यासाठीं तयार वाक्यें दिलीं नाहींत. पदांचा परस्परसंबंध शिकविला, आणि मग विद्यार्थ्याकडून वाक्यें करवून घेतलीं.

येथें दोन आक्षेप येतील, आणि दोन्हीं वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, महाराष्ट्राच्या इतिहासावर इंग्रजींत लिहावेंच कशाला? विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं मराठींतच लिहिण्याचें व्रत पाळलें. १८९८ पासून त्यांनीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे जे २२ खंड काढले त्यांच्या प्रस्तावना मराठींत आहेत, आणि मराठींत शास्त्रीय इतिहास लिहितां येतो हें त्यांनींच सिद्ध केलें. हें ऋण मानूनहि असें म्हणावें लागतें कीं, त्या व्रताची किंमत होती. मराठी न जाणणाऱ्या विद्वानांपर्यंत त्या प्रस्तावना सहसा पोंचल्या नाहींत, आणि मराठ्यांविषयीं बाहेर जें मत बनत गेलें तें बव्हंशीं इंग्रजी ग्रंथांवरून बनलें. पूर्वपक्ष ज्या भाषेंत मांडलेला आहे, त्या भाषेंत उत्तरपक्ष न मांडल्यास वादांत आपली अनुपस्थितीच नोंदली जाते. पांडुरंग वामन काणे यांनीं धर्मशास्त्राचा इतिहास १९३० ते १९६२ या काळांत इंग्रजींत लिहिला, म्हणूनच तो सर्व भारताचा व जगाचा आधारग्रंथ झाला.

दुसरा आक्षेप याच्या उलट आहे : इंग्रजी लेख जगासाठीं आहे, मग मराठी सारांशाचा दुहेरी व्याप कशास? याचें उत्तर मागील पिढीच्या कामांत आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ मध्यें पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. त्यांत मूळ पत्र मराठींत, आणि त्याचा सारांश इंग्रजींत. मराठी रियासत आधीं लिहिली, आणि मराठ्यांचा नवा इतिहास १९४६ ते १९४८ मध्यें इंग्रजींत तीन खंडांत दिला. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचा पानिपतावरील इंग्रजी ग्रंथ डेक्कन कॉलेजानें १९४६ मध्यें काढला, आणि त्यांचा मराठी 'पानिपत १७६१' १९६१ मध्यें निघाला. तो नुसतें भाषांतर नव्हे, मराठी वाचकासाठीं नव्यानें मांडलेला ग्रंथ आहे. यांच्यापैकीं कोणासहि एक भाषा दुसरीच्या आड आली नाहीं. मराठी भाषेच्या घडणीवरील ज्यूल ब्लॉक यांचा फ्रेंच ग्रंथ १९२० मध्यें निघाला, तोहि वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं १९४१ मध्यें मराठींत आणला. परक्यानें परक्या भाषेंत लिहिलेलें ज्ञान घरीं आणण्यास एक विद्वान झटतो. आणि आपल्याच घरच्या कागदांवर आपल्याच मुलानें लिहिलेलें आपणांस वाचतां येऊं नये, हें शोभत नाहीं.

हा प्रश्न केवळ शोभेचाहि नाहीं. कागद ज्यांच्या पेटींत शंभर-दोनशें वर्षें राहिले, त्यांनीं ते वाळवीपासून, पावसापासून आणि वांटण्यांपासून राखले. संशोधक येतो, छायाचित्रें घेतो, जातो. पुढें त्या कागदांवर परक्या भाषेंत काय लिहिलें गेलें, हें त्या घरांत कोणास कळत नाहीं. दुसऱ्यांदां कोणी दार ठोठावलें तर ती पेटी उघडेलच असें नाहीं. साधनें मिळण्याचें मूळ असलेला विश्वास अशा रीतीनें आटतो. आणि मग कितीहि सुंदर इंग्रजी येत असलें तरी लिहिण्यास कागदच उरणार नाहींत.

हल्लीं यंत्रें क्षणांत निर्दोष इंग्रजी लिहून देतात, मग हे वर्ग तरी कशाला, असेंहि कोणी विचारील. माझ्या मतें यंत्रांनीं एक उपकारच केला आहे. भाषेच्या सफाईचें पांघरूण आतां सर्वांस फुकट मिळूं लागल्यानें, पांघरुणाखालीं देह आहे कीं नाहीं हें पाहणें भाग पडलें. शिलोत्री म्हणजे जमीनदार, असें यंत्रहि लिहून देईल, आणि अधिक ऐटींत लिहून देईल. संशय मात्र त्या कागदापाशीं बसलेल्या मनुष्यासच यावा लागतो.

सबब लेखनवर्ग चालविणारांस पांच सूचना कराव्याशा वाटतात. एक : इंग्रजीचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें आपला विषय, संशय, पूर्वपक्ष व निर्णय मराठींत एका पानावर लिहावा; ज्यास संशय एका वाक्यांत लिहितां येत नाहीं त्यानें पुन्हां कागदांकडे जावें. दोन : मूळच्या संज्ञा तशाच ठेवून त्यांचे अर्थ आधारासह द्यावे. तीन : प्रत्येक तारीख मूळ रूपांत, रूपांतरित रूपांत, आणि कोणत्या पंचांगानें तें सांगून द्यावी. चार : 'यावर कोणीं लिहिलें नाहीं' असें लिहितांना कोठें कोठें शोधलें तें लिहावें. पांच : प्रत्येक इंग्रजी लेखाबरोबर दोन पानांचा मराठी सारांश करून त्याची एक प्रत साधनांच्या मालकास द्यावी, आणि आपल्या त्रैमासिकानें असे सारांश छापण्यास दर अंकांत चार पानें राखून ठेवावीं. पहिल्या चार सूचनांस पैसा लागत नाहीं. पांचवीस फार थोडा लागतो.

वर सांगितलेल्या विद्यार्थ्यानें आपला लेख मोडून पुन्हां लिहिला. ठाण्याचा ग्रंथ पाहिला, शिलोत्रीचा शब्द जागेवर आणला, तारखा सुधारल्या. नवें इंग्रजी पहिल्याइतकें डौलदार नाहीं, आणि तो लेख कोणी स्वीकारील कीं नाहीं हें अद्याप ठरावयाचें आहे. मराठी सारांश घेऊन तो त्या घरीं गेला, तेव्हां घरांतील वडीलधाऱ्यांनीं तो दोनदां वाचला, आणि बांध फुटल्याच्या वर्षाविषयीं आपल्या आज्याकडून ऐकलेली एक हकीकत सांगितली. ती कागदांत नव्हती. ती खरी कीं खोटी, हा आतां त्याचा नवा संशय आहे.